कलाप्रकार

सेमिनरी हिल्सवर तेव्हा टॉवर नवा होता
आणि सागाच्या पानांवर अजून सिमेंटची धूळ.
मला मिळाला बुधवार, संध्याकाळी सहा ते साडेसहा.
फाइलवर नाव : महिलांसाठी.

डबीरसाहेब म्हणाले, लोणचं घ्या, रांगोळी घ्या,
बाळाला न्हाऊ घालणं घ्या,
वाद नको.
पांढरी साडी नको, कॅमेऱ्यात फुटते.
बांगड्या नको, माइकमध्ये वाजतात.
मी वहीत लिहून घेतलं :
बाई चालेल, आवाज न करता.

पहिले तीन बुधवार मी शहाण्यासारखी वागले.
वडाभात. भरतकाम. उन्हाळ्यात डोळ्यांची निगा.
आवाज येतो म्हणून कूलर बंद,
बाहेर सेहेचाळीस, आत दिव्यांचे वेगळे.
फ्रान्सिस कॅमेऱ्यामागून म्हणाला,
मॅडम, वड्यांना घाम आलाय.

चौथ्या बुधवारी मी कौतिका उकेला आणलं,
इंदोऱ्याहून सायकलरिक्षाने, भाडं माझ्या पर्समधून.
याच टॉवरच्या पायात तिने दोन वर्षं गिट्टी वाहिली होती.
फाटकावरच्या चौकीदाराने तरी विचारलं,
पास कुठाय?

झुबेदाआपाने पावडरचा पफ उचलला
तर तिने मान मागे घेतली :
"राहू द्या, माय. ह्या जागेनं लय धूळ लावली मले."

मग लाल दिवा. थेट प्रक्षेपण.
माझ्या हातात सहा कार्डं.
मुलं किती, मजुरी किती, नवरा काय करतो.
तिने सगळ्यांची उत्तरं दिली, एकेका शब्दात,
उधारी चुकती केल्यासारखी.
कार्डं संपली. अकरा मिनिटं उरली.
मी कार्डात नसलेलं विचारलं :
टीव्हीवर तुम्हाला काय बघायला आवडेल?

खुर्चीच्या हातावरून ती बोट फिरवत राहिली.
"बसलेली बाई दाखवा.
नुस्ती बसलेली.
निवडून नाई रायली, शिवून नाई रायली,
पोराले पाजून नाई रायली.
मी तं पाह्यलीच नाई बा अशी, कधी."

आणि ती बसली.
मागे टेकून, पाय सैल सोडून,
हात मांडीवर, उताणे.

फ्लोअर मॅनेजर हवेत चक्रं काढत होता :
बोला, भरा, काहीतरी भरा.
मी बोलले नाही.
फ्रान्सिस कुणी न सांगता हळूहळू जवळ गेला.
तिच्या कानामागून घामाचा एक थेंब निघाला
आणि तो पदरापर्यंत पोचेस्तोवर
स्टुडिओत कुणी खोकलंसुद्धा नाही.
रिपोर्टात लिहिलंय : एक मिनिट चाळीस सेकंद, दृश्य निष्क्रिय.

मेमो दुसऱ्या दिवशी आला.
पत्रं आठवड्यानंतर, सतरा.
उमरेडहून, सावनेरहून, एक कामठीचं, शाळकरी अक्षरात :
आई म्हणते ती बसलेली बाई पुन्हा दाखवा.
मी लिहितेय, आई सांगतेय, ती पोळ्या लाटतेय.

टेप महिन्याभरात पुसली गेली. टेपा मोजक्याच होत्या.
तिच्यावर कुठल्याशा पुलाचं उद्घाटन चढलं.

राहिला तो मानधनाचा फॉर्म.
नाव, पत्ता, अंगठा, रुपये साठ फक्त.
कलाप्रकार या रकान्यात
गायन नाही, वादन नाही, भाषण तर नाहीच,
म्हणून मी लिहिलं : बसणे.

लेखा विभागाचा आक्षेप :
सदर कलाप्रकार मान्य यादीत आढळत नाही.
खुलासा करावा.
मी निवृत्त होईपर्यंत तीन स्मरणपत्रं.

परवा कपाटात सापडली, सुतळीत बांधलेली.
खुलासा लिहायचाच म्हणून
कागद घेतला, टेकून बसले.
कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
चौथीही झाली.